सारसाची जोडी टिकते ती बांधीत

सारस या उंच क्रौंच पक्ष्याचा फोटो कुणी टाकला की खाली हमखास लिहिलेलं असतं, ‘एक गेला की दुसरा अन्नपाणी सोडून जीव देतो.’ हे खरं नाही. जोडी वर्षानुवर्षं टिकते हे अगदी खरं, पण जोडीदार मेला तर उरलेला पक्षी पुन्हा जोडी जमवू शकतो. प्रेमाच्या या गोष्टीत एक मोठी बाब झाकली जाते: गोंदिया-भंडाऱ्याकडची ही जोडी आपल्या धानाच्या बांधीवर, म्हणजे पाणी साठवणाऱ्या खाचरावर, आणि तलावाच्या उथळ काठावर जगते.

एकाच तलावावर किती तऱ्हेचे संसार असतात बघा. कमळपक्ष्याची मादी अंडी घालून दुसऱ्या नराकडे जाते. उबवणं, पिल्लं सांभाळणं नराकडे. काठच्या बाभळीवर बया म्हणजे सुगरण पक्ष्याचा नर अर्धा खोपा विणतो, मादीला पटला तर पुरा करतो आणि दुसरीसाठी नवा खोपा सुरू करतो. ज्याचं पिल्लू जसं वाढतं तसा त्याचा संसार. सारसाचं काम मात्र एकट्याने भागत नाही. अंडी एक किंवा दोन, क्वचित तीन. ती ३१ ते ३४ दिवस दोघं आळीपाळीने उबवतात. एक बसला की दुसरा राखणीला. पिल्लू एक-दोन दिवसांत घरट्यातून उतरून आईबापामागे चालायला लागतं, पण उडायला तीन महिने घेतं.

नर-मादी दिसायला सारखेच, नर जरा थोराड. ओळख पटते ती जोडीच्या हाकेत: नर पंख पाठीवर उचलून एकदा ओरडतो, तेवढ्यात मादी दोनदा. शेजारच्या जोडीला तो इशारा असतो की ही जागा आमची.

आता शेतीचा हिशेब. रोवणी झाली, बांधीत पाणी साचलं की गवत-काड्यांचा ढीग रचून घरटं होतं, सुमारे दोन मीटर रुंद. म्हणजे बांधीतली तीन-साडेतीन चौरस मीटर जागा. थोडं धान आजूबाजूलाही तुडवलं जातं, ते नुकसान खरंच आहे आणि त्याची भरपाई शेतकऱ्याला वेळेवर मिळाली पाहिजे. नुसत्या सत्काराने धान भरून येत नाही.

घरटं दिसलं तर त्या बांधीचं पाणी एकदम सोडू नका. भोवतीचं पाणी आटलं की कुत्री थेट अंड्यांपर्यंत पोचतात. फवारणी तिथे टाळाच. निंदणाला जावंच लागलं तर काम उरकून लगेच बाहेर या. मोबाईल घेऊन जवळ जाणाऱ्यांना धुऱ्यावरच (शेताच्या बांधावरच) अडवा, कारण पक्षी उठला की कावळ्याला तेवढा वेळ पुरतो. अंडी हलवून ‘सुरक्षित’ जागी ठेवणं तर अजिबात नको. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार तो गुन्हा आहे. वनखात्याला कळवा.

तलावाचं खोलीकरणही नीट व्हायला हवं. मामा (माजी मालगुजारी) तलावाचा गाळ काढताना काठ उभा कापला की सारसाला चालत चरता येईल असं उथळ पाणीच राहत नाही. बेशरमाची झुडपं काढा, देवधान म्हणजे रानटी धान राहू द्या. शेतावरून जाणाऱ्या वीजतारांना धडकूनही हे पक्षी मरतात, आणि हे काम शेतकऱ्याच्या हातचं नाही. सारसाच्या वाटेवरच्या तारांना लांबून दिसतील असे दर्शक लावणं वीज कंपनीचंच काम.

सगळ्यात दुर्लक्षित वेळ कापणीची. १० ऑगस्टला घातलेलं अंडं ११ सप्टेंबरच्या सुमारास फुटतं, पिल्लू उडतं डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. हलका, म्हणजे लवकर पिकणारा धान तर त्याच्या कितीतरी आधी कापणीला येतो. म्हणजे हार्वेस्टर बांधीत शिरतो तेव्हा पिल्लाला पळता येतं, उडता येत नाही. चारही धुऱ्यांकडून गोल कापत आत आलात तर ते मधल्या उभ्या धानात दबून बसतं आणि शेवटच्या फेरीत मशीनखाली येतं. तलावापासून लांबच्या धुऱ्याकडून सुरू करा, सरळ पट्ट्यांनी तलावाकडे सरका, आणि मशीनपुढे एक माणूस हळू चालत ठेवा. पिल्लू तलावाच्या बाजूने बाहेर पडतं. एकटं दिसलं तरी उचलू नका, आईबाप जवळच असतात.