गरोदरपणातली साखर: ‘गूळ चालतो, इन्सुलिन नको’ हे खोटं आहे

खानापूर, निपाणी, बेळगाव भागात एक मेसेज फिरतोय: गरोदर बाईची रक्तातली साखर वाढली (गरोदरपणातला मधुमेह) तर साखर बंद करून गूळ खावा, आणि इन्सुलिन घेऊ नये, बाळाला जन्मभराची सवय लागते. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

गूळही उसाचाच. रक्तातली साखर तोही वाढवतो. डोहाळजेवणातल्या कुंद्याचंही तेच.

इन्सुलिनचं नीट समजून घ्या. टोचलेलं इन्सुलिन वार (पोटातल्या बाळाला आईकडून पोषण पोचवणारा अवयव) ओलांडून बाळापर्यंत जवळजवळ जातच नाही. आईच्या रक्तातली जादा साखर मात्र जाते. ती जिरवायला बाळ स्वतःच जास्त इन्सुलिन तयार करतं आणि अंगानं वाढतं. मग बाळंतपण अवघड होतं, नि नाळ कापल्यावर बाळाची साखर एकदम खाली येऊ शकते. म्हणजे धोका सुई टाळण्यात आहे. सगळ्यांनाच ती लागते असंही नाही. बऱ्याच जणींचं आहार आणि चालण्यावर भागतं.

‘मला काही त्रास नाही’ म्हणून तपासणी सोडू नका, या आजारात बहुधा त्रास जाणवतच नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून २ तासांनी रक्त घेतात. आकडा १४० (मिग्रॅ/डेसिलिटर) किंवा वर आला तर उपचार. पहिल्या भेटीत ठीक निघालं तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करायची. तायी कार्डावर (कर्नाटकात गरोदर बाईला मिळणारं सरकारी कार्ड) नोंद झाली का, बघा.

आणि उपाशी राहू नका, बायांनो. जोंधळ्याची भाकरी, उसळ, पालेभाजी थोडी थोडी, पण वेळेवर. बाळंतपणानंतर ६ आठवड्यांनी पुन्हा तपासणी करायचीच.