दात कुठे, ओठ कुठे!

इंग्रजी व्यंजनं साहेबासारखी उच्चारायची ठरवलीत? उत्तम. खोलीचं दार लावा, आरसा घ्या. आतून फूफू आवाज आले तर प्राणायाम समजू नये, असं आईला आधीच सांगून ठेवा.

सुरुवात 'व'पासून. व्हीला वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे, डब्ल्यूला दात आत आणि ओठ शिट्टी घातल्यासारखे गोल. आपला 'व' या दोघांच्या मधल्या बोळातून जन्मभर बिनबोभाट गेला. त्याला आता घरी बसवा. लिपीच्या भरवशावर तर मुळीच राहू नका. 'व्हाइट व्हॅन' आपण दोन्हीकडे 'व्ह' घालून मोकळे होतो, पण पहिला डब्ल्यूचा आणि दुसरा व्हीचा. आडनावांना विचारून उपयोग नाही. वैद्य व्ही लावतात, वाघ डब्ल्यू लावतात, आणि दोघांना हाक एकाच 'व'ने मारली जाते. चौथ्या दिवशी ओठ सोलवटेल. तूप लावा.

मग 'प'. तोंडासमोर कागदाचा कपटा धरून 'पेन' म्हणा. साहेबाचा कपटा फडफडतो, आपला ढिम्म. फडफडेपर्यंत म्हणत राहा, पण 'फेन' होऊ देऊ नका. 'ट'ला जीभ टाळ्याकडे वळते तशी वळू द्यायची नाही, दातांनाही लावायची नाही, मधल्या हिरडीवर टेकवायची. आणि 'थ्री'ला ती दातांत धरून हवा सोडायची. लंडनात पुष्कळ जण 'फ्री' म्हणतात, आयर्लंडात 'ट्री' ऐकू येतं. त्यांच्याकडे बघू नका. त्यांची ती लकब, तुमची ती चूक.

राहता राहिला 'ळ'. तो साहेबाला येत नाही. त्याला आरसा द्यायचा नसतो. खडकीचं किर्की, भायखळ्याचं बायकला, शीवचं सायन करून तो मोकळा झाला, आणि आपण अजून सायनची तिकिटं काढतो. तेव्हा पाहुण्याची अडचण ओळखून 'ळ' स्वतःच काढून टाका.

महिनाभरात फोन उचलून ऐटीत म्हणाल, "धिस इज मिस्टर काले."

दाराबाहेरून आई विचारेल, "कोण रे आलंय?"