शेडकार्डावर साय, भिंतीवर लोणी: आपल्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. दोन ऑफव्हाइट शेड कार्डावर सारख्याच दिसत होत्या, काउंटरवर ‘फरक नाही, कुठलीही घ्या’ असं सांगितलं गेलं, आणि आता बैठकीची खोली पिवळी तर आतली खोली मळकट दिसते, म्हणजे रंगच चुकीचा मिसळला, अशी आपली तक्रार आहे.

‘फरक नाही’ हे आमच्याकडून चुकीचं सांगितलं गेलं, त्याबद्दल क्षमस्व. आपण घेतलेल्या शेडची झाक पिवळी आहे, दुसरीची किंचित गुलाबी. कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवलं की ती दिसते. कार्डाच्या त्याच पट्टीवरची सर्वांत गडद शेड पाहिली तर आणखी स्पष्ट.

मात्र ‘रंग चुकीचा मिसळला’ हे तपासल्याशिवाय मान्य करता येणार नाही. उरलेला रंग चांगला ढवळून पुठ्ठ्यावर दोन हात द्या, एक दिवस वाळू द्या आणि दिवसाच्या उजेडात कार्डाशेजारी धरा. ओल्या रंगावरून काही ठरवू नका. जुळला नाही तर चूक आमची. डबे बदलून देऊ. ऑफव्हाइटमध्ये टिंटर, म्हणजे शेड आणण्यासाठी मिसळायचं रंगद्रव्य, इतका थोडा असतो की थेंबभर कमीजास्तही भिंतीवर कळतं. म्हणूनच दोन डबे असतील तर आधी एकाच बादलीत एकत्र करायचे.

जुळला, तर कारण उजेडात आहे. प्रकाश भिंतीवरून भिंतीवर आपटतो आणि दर वेळी थोडी निळाई गमावतो, त्यामुळे चारही भिंतींवर पिवळी झाक कार्डापेक्षा गडद वाटते. २७०० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे, दिवे त्यात भर घालतात. आतल्या खोलीत थेट ऊन येत नसेल, तर आभाळाच्या निळसर उजेडात हीच शेड करडी पडते.

पिवळेपणा फक्त रात्री खटकत असेल तर रंगाला हात लावू नका, ४००० केल्विनचे, म्हणजे जास्त पांढऱ्या उजेडाचे, दिवे लावून पाहा. दिवसाही खटकत असेल तर हीच शेड निम्म्या टिंटरची करून घ्या. नमुना सध्याच्या भिंतीवर मारू नका. पिवळ्याशेजारी तो निळसर भासेल. साधारण ६० सेंटिमीटरच्या चौकोनी पांढऱ्या फळीवर, कडेला ५ सेंटिमीटर कोरं सोडून, दोन हात द्या. फळी उभी धरून प्रत्येक भिंतीशी सकाळी, दुपारी आणि दिव्याखाली पाहा. लाल फरशी असेल तर खालचा भागही बघा, तिथे गुलाबी छटा चढते.

निम्म्या टिंटरचा नमुना डबा आम्ही विनामूल्य देऊ. येताना पुठ्ठा आणि डब्याच्या झाकणावरचं लेबल घेऊन या, टिंटरचं प्रमाण त्यावरच छापलेलं असतं.