इंग्लंडमधला अवमानाचा कायदा ‘अनादी’ आहे म्हणे!

न्यायालयाच्या अवमानाची नोटीस कुणाला निघाली की एक मजकूर पुन्हा फिरायला लागतो. त्याचं सार असं: अवमानाचा कायदा इंग्लंडमधल्या न्यायालयांइतकाच जुना आहे, न्यायाधीशांवर टीका करणाऱ्याला तिथे शतकानुशतकं ज्यूरी न बसवता थेट तुरुंगात धाडलं गेलं, आजही तिथे तीच शिस्त आहे आणि म्हणूनच तिथल्या कोर्टांचा दरारा टिकून आहे. पुरावा म्हणून १६३१ ची वीट हमखास असते.

त्या विटेपासूनच सुरुवात करू. सॉल्झबरीच्या कोर्टात नुकत्याच दोषी ठरलेल्या कैद्याने मुख्य न्यायाधीश रिचर्डसन यांच्यावर विटेचा तुकडा भिरकावला. नेम थोडक्यात हुकला. कैद्याचा उजवा हात तोडून फाशीच्या खांबाला ठोकला आणि कोर्टादेखत त्यालाही तिथेच लटकावलं. मजकूर इथे संपतो. पण ही हकीकत ज्या धेडगुजरी फ्रेंच-इंग्रजी टिपणातून आपल्यापर्यंत आली, त्यात मध्येच एक गोष्ट नोंदली आहे: नॉय या वकिलांनी लगेच आरोपपत्र, म्हणजे ज्यूरीपुढच्या खटल्याची पहिली पायरी, तयार केलं. वीट डोळ्यांदेखत आली, तरी आरोपपत्राशिवाय हात तोडला नाही! १६३८ मध्ये हॅरिसन नावाच्या पाद्र्याने वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये भर कोर्टात न्यायमूर्ती हटन यांना राजद्रोही म्हटलं. तो खटला तर ज्यूरीपुढेच चालला आणि ५००० पौंड दंड झाला. शिक्षा भयंकरच होत्या, पण ‘ज्यूरी न बसवता’ हा भाग त्यातून सिद्ध होत नाही.

मग ‘अनादी काळापासून’ हे आलं कुठून? त्याची कथा मोठी मासलेवाईक आहे. १७६४ मध्ये लंडनचा पुस्तकविक्रेता जॉन आल्मन याने एक पत्रक विकलं. त्यात मुख्य न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड यांच्यावर आरोप होता, की सरकारचा कडवा टीकाकार जॉन विल्क्स याच्या खटल्यात त्यांनी आयत्या वेळी कागदपत्रातला शब्द बदलू दिला. आल्मनवर ज्यूरीविना कारवाई सुरू झाली. न्यायमूर्ती विल्मट यांनी निकाल लिहून तयार ठेवला: हा अधिकार न्यायालयांच्या स्थापनेपासूनचा, अनादी वहिवाटीचा आहे. तेवढ्यात लक्षात आलं, की आदेशाच्या शीर्षकात आल्मनऐवजी विल्क्सचं नाव पडलंय. शब्द बदलू दिल्याच्या आरोपावरून उभं राहिलेलं प्रकरण चुकलेल्या नावापायी अडकलं. दुरुस्तीला आल्मनच्या वकिलाने संमती दिली नाही आणि पुढे सरकारनेही ते सोडून दिलं. निकाल कोर्टात वाचलाच गेला नाही.

विल्मट वारल्यावर त्यांच्या मुलाने १८०२ मध्ये तो छापला. ‘ऑब्झर्व्हर’ या वृत्तपत्राचा मालक क्लेमंट याला खटल्याचं वृत्त मनाई असताना छापल्याबद्दल ५०० पौंड दंड झाला होता; १८२१ मध्ये तो कायम करताना न्यायाधीशांनी त्याच कागदाचा आधार घेतला. पुढे हाच कागद आधारभूत ठरला. कोर्टाचे मास्टर (न्यायालयीन अधिकारी) असलेल्या सर जॉन फॉक्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जुन्या नोंदी उपसल्या. कोर्टाबाहेर, कोर्टाशी संबंध नसलेल्या माणसाने केलेल्या अवमानाचे खटले अठराव्या शतकापर्यंत इतर गुन्ह्यांसारखेच ज्यूरीपुढे चालत, असं त्यांनी दाखवलं. विल्मट यांचा इतिहास कच्चा होता, पण तोवर त्यावर इमारत चढली होती.

‘आजही तीच शिस्त’ हा दावा तर एका ओळीत निकालात निघतो. न्यायसंस्थेची बदनामी हा अवमानाचा प्रकार इंग्लंड-वेल्समध्ये २०१३ च्या कायद्याने रद्द झाला. त्याआधीची शेवटची यशस्वी कारवाई १९३१ ची. बाकीचा अवमान मात्र जिवंत आहे, तिथे गल्लत नको. चालू खटल्याला बाधा आणणारं छापलं किंवा ज्युररने आरोपीशी फेसबुकवर गप्पा मारल्या, तर तुरुंग आहेच. २०११ मध्ये एका ज्युररला आठ महिने झाले. पण नोव्हेंबर २०१६ मध्ये ‘डेली मेल’ने तीन न्यायमूर्तींचे फोटो छापून वर ‘जनतेचे शत्रू’ असा मथळा दिला, तेव्हा अवमानाची कारवाई झाली नाही. कोर्टं नेहमीसारखी चालू राहिली.

राहिला दरारा. १८९९ मध्ये सेंट व्हिन्सेंट बेटावरच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने (वसाहतींमधली शेवटची अपिलं ऐकणाऱ्या लंडनच्या न्यायपीठाने) म्हटलं, की अशा बदनामीसाठी तुरुंगात पाठवणं इंग्लंडमध्ये कालबाह्य झालंय, पण मुख्यतः गौरेतर वस्तीच्या छोट्या वसाहतींत ते गरजेचं असू शकेल. (पुढच्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या एका संपादकाला त्यासाठी १०० पौंड दंड झाला, म्हणजे तिथेही ‘कालबाह्य’ घाईचंच होतं.) हिंदुस्थान काही छोटी वसाहत नव्हे. तरी १९०८ मध्ये टिळकांच्या खटल्यावर ‘मराठा’त टीका केल्याबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने न. चिं. केळकरांना १४ दिवसांची कैद दिली. मजकूर पुढे पाठवणाऱ्यांना ‘इंग्लंडची परंपरा’ हवीच असेल, तर तिचा वसाहतींसाठी राखून ठेवलेला हा भाग आपल्या १९७१ च्या कायद्यात अजून आहे. इंग्लंडमध्ये तो उरलेला नाही.