गवई दारात, चपलांपाशी

दसऱ्याला लोक सोनं घेतात, मी हेडफोन घेतला. ओपन-बॅक (मागून उघडा), प्लेनर (सपाट, पातळ पडद्याचा), ३२ ओहमचा, म्हणजे विजेला तेवढा अडथळा करणारा. त्याच्या जोडीला डॅक, म्हणजे डिजिटल फाइलचा आवाजाचा सिग्नल करणारी डबी, आणि तो सिग्नल मोठा करणारा, टेबलावर ठेवायचा अ‍ॅम्प. एकूण आकडा लिहीत नाही, कारण नवरा ही पोस्ट वाचणार आहे आणि त्याला सांगितलेला आकडा वेगळा आहे.

पहिल्या दिवसापासून मजा आली नाही.

आवाज सरळ वाईट असता तर सोपं होतं. फाटत असता, खरखरत असता, एक कान बंद असता तर डबा उचलून दुकानात नेऊन ठेवला असता. तसं काही नव्हतं. उलट बारीकसारीक सगळं ऐकू येत होतं. पेटीचा भाता, तबल्याच्या शाईवरून सरकलेलं बोट, आणि तानपुऱ्यांची जवारी तर अशी की खोलीत मधमाश्या सोडल्यात. फक्त गाणारा तेवढा लांब. षड्ज लावलाय हे कळायचं, पण तो आपल्याला लागायचा नाही. सगळी साथसंगत मांडीला मांडी लावून बसलेली आणि गवई दारात, चपलांपाशी.

आमच्या ओळखीत एक जाणकार आहेत. त्यांच्या घरी केबलसुद्धा लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेल्या असतात, त्यावरून ओळखा. त्यांना बोलावलं, पोहे केले. त्यांनी हेडफोन चढवला, डोळे मिटले आणि दोन मिनिटांनी म्हणाले, "काय साउंडस्टेज आहे हो! भिंतीच गायब झाल्या."

साउंडस्टेज म्हणजे गाणं आपल्याभोवती किती ऐसपैस पसरल्यासारखं वाटतं ते. मी म्हटलं, "गवईपण गायब झालाय."

"तुमचा कान अजून मोबाईलला सरावलेला आहे. २०० तास बर्न-इन होऊ द्या, मग बोला."

बर्न-इन म्हणजे नवा हेडफोन वाजवून वाजवून मुरवणं. २०० तास म्हणजे रोज २ तास ऐकलं तर १०० दिवस. माल परत करायची मुदत तोवर केव्हाच संपलेली असते, हा अर्थातच योगायोग समजावा. बर्न-इनने हेडफोनमधला पडदा थोडा सैलावत असेलही, पण इतक्या दिवसांत जास्त सैलावतो तो आपला कान. वाईट आवाजाचीही सवय होते. पुण्यात राहून हे मी वेगळं सांगायला नको.

या छंदाबद्दल माझी जी मुख्य तक्रार आहे ती इथेच लिहून टाकते. इथे कुठल्याही दुखण्यावर औषध एकच, नवीन खरेदी. आवाज बारीक वाटतो? अ‍ॅम्प बदला. टोचतो? डॅक बदला. काहीच कळत नाही? मग केबल बदला, चांदीची घ्या. चांदी तांब्यापेक्षा वीज चांगली वाहून नेते हे खरंच आहे, पण किती? साधारण पाच-सहा टक्के. दीड मीटरच्या तारेतल्या पाच-सहा टक्क्यांनी गवई दारातून उठून आत येईल का, हा हिशेब कुणी मांडत नाही. मी ती केबल घेतली नाही. पण खोटं कशाला बोलू, दोनदा कार्टमध्ये टाकली होती. यूएसबीतून येणारा 'कचरा' गाळणारी एक डबी मात्र घेतली. ती आता पेपरवेट आहे.

आणि वाईट याचं वाटतं की इतके पैसे घातल्यावर माणूस वस्तूवर संशय घेत नाही, स्वतःवर घेतो. मीच आठवडेच्या आठवडे म्हणत होते की आपला कानच तयार नाही. लहानपणापासून गाणं ऐकतेय, आणि ८० रुपयांत मिळते तसल्या वस्तूने मला माझ्या कानाबद्दल शंका घ्यायला लावली. ८० रुपयांचं पुढे येतंय.

फुकटातले उपाय सगळे केले होते. बऱ्याच जणांचं दुखणं तिथेच बरं होतं, म्हणून सांगते. विंडोजमधली ऑडिओ एन्हान्समेंट बंद केली, स्पेशियल साउंड बंद केला, गाण्याच्या अ‍ॅपमधला इक्वलायझर सपाट केला. अ‍ॅम्पचा गेन वर-खाली करून पाहिला. इअरपॅड काढून नीट बसवले. ब्लूटूथचा प्रश्नच नव्हता. गवई हलला नाही.

मग डिसेंबरात मुकुंदनगरला सवाईला गेले. १९५३ पासूनचा सवाई गंधर्व संगीत महोत्सव. रमणबागेत असायचा तेव्हा आईच्या मांडीवर डोकं ठेवून अर्धा झोपेत ऐकलाय. यंदा बैठकीत बसले होते, खांबाच्या थोडं डावीकडे. तिथेही आवाज माइक आणि स्पीकरमधूनच येतो, ते मान्य. पण पहिला स्वर लागला आणि तो सरळ छातीत आला. साथ साथीच्या जागी, गाणारा समोर. घरी येऊन रात्री साडेअकराला तोच राग हेडफोनवर लावला. पुन्हा गवई दारात. त्या रात्री ठरवलं की कान ठीक आहे, दुसरं काहीतरी बिघडलंय.

आता माझ्या हुशारीची गोष्ट. मी दोन चाचण्या घेतल्या आणि दोन्हींनी मला बरोबर उलट्या वाटेला लावलं.

पहिली. मैत्रिणीकडून तिचा सेनहायझर एचडी ६०० आणला. १९९७ सालचं मॉडेल, ३०० ओहमचं, अजूनही लोक ते प्रमाण मानतात. तिने लॅपटॉपसाठी केबलला ३.५ एमएमचा छोटा प्लग लावून घेतलाय. माझ्याही केबलला छोटाच प्लग आहे आणि अ‍ॅम्पला मोठं ६.३५ चं भोक, म्हणून मध्ये अ‍ॅडॅप्टर असतो. त्याच अ‍ॅडॅप्टरमधून तिचा हेडफोन लावला. गवई आत आला! समोर बसून गायला लागला. म्हणजे अ‍ॅम्प ठीक, अ‍ॅडॅप्टर ठीक, माझा हेडफोनच सदोष.

दुसरी. माझा हेडफोन अ‍ॅम्पवरून काढून मोबाईलच्या छोट्या डोंगलला (हेडफोन लावायला मोबाईलला जोडतात तो तुकडा) लावला. आवाज जरा दमलेला, पण गवई समोर! म्हणजे हेडफोनही ठीक.

निष्कर्ष काय काढावा? मी काढला की दोघांची पत्रिका जुळत नाही. स्थळं चांगली, पण एकमेकांना नाहीत. 'मॅचिंग' या विषयावर या छंदात जेवढं लिहिलं गेलंय तेवढं लग्नाच्या बाबतीतही नसेल, त्यामुळे मला आधारही भरपूर मिळाला. अ‍ॅम्प विकायची जाहिरात लिहून तयार होती.

एका रविवारी सकाळी नवऱ्याने विचारलं, "जुनं गाणं लावलंस की बटण एवढं का फिरवतेस?"

माझ्या लक्षातच आलं नव्हतं. हल्लीच्या रेकॉर्डिंगला माझ्या व्हॉल्यूमच्या बटणावरची खूण घड्याळातल्या ९ वर असायची. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून उतरवलेलं काही लावलं की हात आपोआप १२ पर्यंत जायचा. जुनं आहे, हळूच असणार, असं मी धरून चालले होते. पण तीच फाइल डोंगलवर? तिथे इतका फरक नव्हता.

जुन्या तबकड्या मोनो असतात. डाव्या-उजव्या कानाला अगदी एकच आवाज. आणि नव्या रेकॉर्डिंगमध्ये मधोमध बसवलेला गवई म्हणजेही तेच, दोन्ही कानांना सारखा आवाज. म्हणजे जे जे दोन्हीकडे सारखं, ते ते दबतंय. इथपर्यंत आले आणि अडकले. कारण काही सुचेना.

सोमवारी अर्धी रजा टाकून इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तपकीर गल्ली गाठली. अप्पा बळवंत चौकाजवळ स्कूटर लावायला जागा मिळाली, तिथेच त्या दिवसाचं पुण्य संपलं. गल्लीत आत, जिन्याखाली बसणारे एक काका आहेत. मी अ‍ॅम्प, हेडफोन सगळं पिशवीतून काढलं आणि साउंडस्टेजपासून सुरुवात केली.

"ताई, गाणं नका सांगू. वायर द्या."

हेडफोन त्यांनी कानाला लावलासुद्धा नाही. छोटा प्लग अ‍ॅडॅप्टरमध्ये होता तसाच हातात धरला. मल्टिमीटरची एक सुई अ‍ॅडॅप्टरच्या बाहेरच्या धातूवर, दुसरी छोट्या प्लगच्या धातूच्या टोपणावर. काट्याचा नव्हे, आकड्यांचा मीटर, काच तडकलेली. आकडा आला १८ ओहम. प्लग जरा हलवला, ४०. अंगठ्याने दाबला, २. सोडला, २२.

"आतली पट्टी सैल आहे. हे शून्याच्या आसपास पाहिजे."

"अहो, पण नवीन आहे. डब्यात आला होता. सोन्याचा मुलामा आहे त्याला."

"मुलामा वरून आहे."

त्यांनी ड्रॉवरमधून एक काळा, जाडजूड, अजिबात देखणा नसलेला अ‍ॅडॅप्टर काढला. त्यात तोच प्लग घालून सुया टेकवल्या. ०.३, आणि त्यातही मीटरच्या स्वतःच्या वायरी धरलेल्या. ८० रुपये. तपासणीचे काही घेतले नाहीत. मी उभीच राहिले तर म्हणाले, "अजून काही?"

होतं काय, ते मी घरी येऊन कागदावर मांडलं. या प्लगला तीन भाग असतात. टोकाला डावा कान, मधल्या कडीला उजवा आणि बुडाला दोघांची मिळून परतीची वाट. म्हणजे जायला दोन रस्ते, परतायला एकच पूल. दोन्ही कानांना एकच आवाज जात असेल तेव्हा दोन्हीकडचा प्रवाह एकाच वेळी पुलावर येतो. पूल रुंद असेल तर कुणाला कळतही नाही. पण भिडे पूल पाण्याखाली गेल्यावर डेक्कनला जे होतं तेच इथे होतं, दोन्हीकडची वाहतूक तुंबते. उलट डाव्या-उजव्यात जेवढा फरक असतो, तेवढा प्रवाह एका कानातून निघून दुसऱ्या कानावाटे परततो, त्याला पुलाची गरजच नसते. म्हणून बाजूचे तबला-पेटी, खोलीतली आस, तानपुऱ्यांचा पसारा सगळं शाबूत आणि मधला गवई तेवढा कोंडीत.

स्टिरिओचं हे बेरीज-वजाबाकीचं गणित नवीन नाही. अ‍ॅलन ब्लमलाइन या ईएमआयमधल्या इंग्रज इंजिनिअरने १९३१ मध्ये स्टिरिओच्या पेटंटसाठी जो अर्ज केला, त्यात ते आहे. कराओकेसाठी गाण्यातून गायक पुसून टाकायची जुनी युक्तीही हीच, एका बाजूतून दुसरी वजा करायची. माझा अ‍ॅडॅप्टर तेच काम अर्धवट करत होता. पूर्ण केलं असतं तर मोनो गाणी ऐकूच आली नसती आणि मी पहिल्या दिवशी शहाणी झाले असते. अर्धवट बिघाड हाच खरा छळ.

आणि मैत्रिणीच्या हेडफोनचं कोडंही सुटलं. ३२ ओहमच्या हेडफोनपुढे परतीच्या वाटेत १६ ओहमचा अडथळा आला तरी मधल्या आवाजाला निम्मंच व्होल्टेज मिळतं, म्हणजे ६ डेसिबलची घट. तोच अडथळा ३०० ओहमच्या हेडफोनला एक डेसिबलही खाली आणत नाही. म्हणून तिचा गवई आत आला. अ‍ॅडॅप्टर तेव्हाही तसाच सैल होता. डोंगलची चाचणी तर माझी शुद्ध बावळटपणाची. तिथे अ‍ॅम्पबरोबर मी अ‍ॅडॅप्टरही काढला होता, कारण डोंगलला भोकच छोटं. एका वेळी दोन गोष्टी काढल्या आणि श्रेय एकीलाच दिलं.

रात्री जेवणं झाल्यावर लावलं. जुनी मोनो तबकडीच लावली, मुद्दाम. बटण ९ वर. बाई अगदी समोर येऊन बसल्या, मधोमध, आणि तिसऱ्या आवर्तनात त्यांनी श्वास घेतला तो ऐकू आला. तबकडीची तीन मिनिटं संपली, मी पुन्हा लावली. मग नव्या रेकॉर्डिंगवर आले. भाता आणि मधमाश्या आपापल्या जागी गेल्या होत्या, म्हणजे गवयाच्या मागे. नवरा दोनदा दारात येऊन परत गेला.

गेल्या रविवारी ते जाणकार पुन्हा आले होते. मी काहीच सांगितलं नाही, नुसता हेडफोन पुढे केला. डोळे मिटून त्यांनी निम्मा विलंबित ऐकला. मग म्हणाले, "चांगलं आहे. पण मागच्या खेपेला साउंडस्टेज जास्त मोठा होता. काही बदललंत का?"

जुना अ‍ॅडॅप्टर ड्रॉवरमध्ये आहे. ज्यांना मोठा साउंडस्टेज हवा असेल त्यांनी घेऊन जावा. फोन करून यावं, आणि सोसायटीत पाहुण्यांना पार्किंग नाही.