आजी कमवायची, आई नाही, मी परत कमवते

२०२५च्या डिसेंबरात, २५ तारखेला, आमच्या फॅमिली ग्रुपवर दिवसभर विमानंच उडत होती. नवी मुंबई विमानतळावरून त्या दिवशी पहिली प्रवासी विमानं सुटली. आमच्या भूमिपुत्रांचे नेते दि. बा. पाटील, म्हणजे दि. बां.चे फोटो, रनवेचे व्हिडिओ, झेंडे. चुलतभावाने लिहिलं, "आता आपण डेव्हलपिंग नाय, डेव्हलप्ड!" खाली सतरा अंगठे. अठरावा माझा. खोटं कशाला बोलू, आनंद मलाही झाला होता. त्या विमानतळाच्या जागेत आमच्या सोयऱ्यांची शेतं होती.

त्याच संध्याकाळी भाचीचा मेसेज आला, ग्रुपवर नाही, एकट्या मला. "आत्या, विमानतळावर ग्राउंड स्टाफची भरती आहे. फॉर्म भरू? पप्पांना सांगू नको."

त्या सतरा अंगठ्यांत एक तिच्या पप्पांचा, म्हणजे माझ्या दादाचाच होता. तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आमचं गाव घणसोली. आता लोक घणसोली म्हटलं की सेक्टर विचारतात. माझ्या आजीच्या वेळी इथे खाडी, मिठागरं आणि भातशेती होती. आम्ही आगरी, आगरात राबणारे म्हणून आगरी, असं गावात सांगतात. दिवाळी झाली की आजी मिठागरात जायची, ती पावसाच्या तोंडापर्यंत. पुरुषांनी फळीने ओढलेलं मीठ टोपलीत भरायचं, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपली, आणि बांधावरून राशीपर्यंत चालत जायचं. टोपलीतलं खारं पाणी मानेवरून पाठीत उतरायचं. तळपायांना भेगा. मी तिचे पाय बघितले तोवर मिठागर सुटून वीस वर्षं झाली होती, भेगा तशाच होत्या. लहानपणी मी त्यात बोट घालायचे आणि ती हसायची.

पावसात भातलावणी. मधल्या दिवसांत खाडीतल्या निवट्या, चिंबोऱ्या, कोळंबी. ती विकायला ठाण्याला. पहाटे तीनला कंदील घेऊन चारपाच बायका कळव्याच्या वाटेने चालत निघायच्या. परत येताना कनवटीला पैसे. ते पैसे आजोबांना मोजून द्यायचे की नाही हे आजी ठरवायची. आजोबा बरेचदा तिच्याकडे विडीला पैसे मागायचे, हे तिने मला डोळे मिचकावून सांगितलंय.

आता इथे "आमच्या वेळची बाई कशी वाघीण" वगैरे मी लिहिणार नाही. मजुरी पुरुषांपेक्षा कमी होती. सात बाळंतपणं, जगली चार. १९५१च्या जनगणनेत देशातल्या शंभर बायकांत नऊसुद्धा साक्षर नव्हत्या. आजी उरलेल्या एक्क्याण्णवांतली. तिचं आयुष्य मला दिलं तर मी दोन दिवसांत पळून जाईन. पण कनवट तिची होती.

मग जमीन गेली. थोडी एमआयडीसीला, बाकीची सिडकोला. १९७० साली नवी मुंबई वसवायला सिडको ही सरकारी कंपनी आली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतली पंचाण्णव गावं नव्या शहराच्या नकाशात गेली. पुढचं आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. जानेवारी १९८४मध्ये जासईच्या बाजूला जमिनीसाठी लढणाऱ्या गावकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जणांचा जीव गेला, दि. बां.नी लढा लावून धरला, आणि १९९०मध्ये घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायची योजना आली. त्या लढ्यात बायका मागे नव्हत्या. आमच्या घरातूनही गेल्या होत्या. पण सातबाऱ्यावर नावं पुरुषांची, म्हणून मोबदला पुरुषांच्या हातात आणि प्लॉटही पुरुषांच्या नावावर. मिठागरात टोपल्या वाहिल्याचा सातबारा नसतो.

माझी आई १९८१मध्ये लग्न होऊन या घरात आली. माहेरी ती भातलावणीला जायची. इकडे लावायला शेतच नव्हतं. बाबा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका केमिकल कंपनीत लागले, तीन पाळ्यांत. बायकांना तिथे कोण घेणार? कारखाने कायद्याच्या ६६व्या कलमात बायकांना संध्याकाळी सातनंतर कारखान्यात कामाला मनाईच होती, मग पाळ्या फिरवणारा मालक बाईला घ्यायच्या भानगडीत कशाला पडतोय. शिवाय गरजही उरली नव्हती. पगार होता, मोबदला होता. "आमच्या घरातली बाय कामाला जात नाय" हे वाक्य गावात तेव्हा नवं होतं आणि फार अभिमानाने बोललं जायचं. आजीने जन्मभर खारं पाणी पाठीवर घेतलेलं, सून सावलीत बसली याचा तिलाही आनंदच होता.

आईला बाबांकडे पैसे मागायचे असले की ती आधी चहा करायची. मला हे फार लहानपणी कळलं होतं. अवेळी चहा झाला की समजायचं, बांगड्या घ्यायच्यात किंवा मामाकडे जायचंय. बाबा कधी नाही म्हणाले नाहीत, चांगला माणूस. पण चहा करावा लागायचा.

आता गंमत बघा. २०२३चं अर्थशास्त्राचं नोबेल क्लॉडिया गोल्डिन या बाईंना मिळालं. त्यांनी अमेरिकेतली दोनशे वर्षांची आकडेवारी उकरून दाखवलं की देश शेतीतून कारखान्याकडे जातो तेव्हा कमावत्या बायकांचं प्रमाण आधी घसरतं, आणि पुढे मुली शिकल्या, कार्यालयीन नोकऱ्या आल्या की परत चढतं. इंग्रजी यू अक्षरासारखी रेषा. मी तिला कढई म्हणते. एका कडेला आजी, बुडाशी आई, दुसऱ्या कडेला मी. नोबेलवाल्या बाईंना दोनशे वर्षं तपासावी लागली, आमच्या ओटीवर तिघी एका चटईवर बसून पापड लाटायचो.

मी वर कशी आले? हुशार होते म्हणून, असं म्हणायला आवडेल. खरं कारण २००४मध्ये सुरू झालेली ठाणे-वाशी लोकल आहे. तोपर्यंत कॉलेज म्हणजे बसची वाट बघणं आणि "अंधार पडायच्या आत घरी". घणसोलीला स्टेशन झालं आणि माझं कॉलेज पूर्ण झालं, इतकं ते सरळ आहे. पुढे महापेच्या एका कंपनीत पेरोलचं काम मिळालं. दर महिन्याला दोनेक हजार लोकांचे पगार माझ्या हाताखालून जातात. त्यात बायका किती हे मी न मोजता सांगू शकते, आणि तीसच्या पुढे त्या कुठे गळतात तेही. पहिलं मूल. २०१७पासून प्रसूतीरजा २६ आठवड्यांची झाली, पन्नास किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेत पाळणाघर असायला हवं असा कायदाही आहे. आमच्याकडे त्या खोलीत प्रिंटर ठेवलाय. माझं मूल आईने सांभाळलं. म्हणजे मी कढईच्या कडेवर आहे ती आईच्या खांद्यावर पाय देऊन, आणि तिच्या त्या कामाची नोंद देशाच्या उत्पन्नात शून्य.

माझं म्हणणं एवढंच आहे की देश श्रीमंत झाला की बायका आपोआप वर येतात हे खरं नाही. कढईची पहिली बाजू आपोआप होते, त्याला काही करावं लागत नाही. दुसरी बाजू बांधावी लागते, लोकलचे रूळ टाकतात तशी, पैसा खर्चून.

आपलेच सरकारी आकडे बघा. पंधरा वर्षांवरच्या बायकांत कामात असलेल्या किंवा काम शोधणाऱ्या २०१७-१८मध्ये शंभरातल्या २३. याच्या आधीची दहा-बारा वर्षं देश धावत होता, मॉल उभे राहत होते, आमच्या गावात दारात फॉर्च्युनर लागत होत्या, आणि हा आकडा घसरत होता. २०२३-२४मध्ये तो ४१.७वर गेला. वाढला, छान. पण शहरात तो २८च होता, मोठी उडी खेड्यातली आहे, आणि तिथेही बरंचसं स्वतःच्या शेतावरचं किंवा घरच्या धंद्यात बिनपगारी मदत.

बिनपगारी मदत म्हणजे काय ते मला माझी वहिनी बघून कळतं. दादाचं हार्डवेअरचं दुकान आहे. दादा साइटवर, वहिनी दुकानात, सकाळी दहा ते रात्री नऊ. स्क्रूचा नंबर ती न बघता सांगते, उधारीवाल्याला ती गोड बोलून पिटाळते. गल्ला तिच्यासमोर, चावी दादाच्या खिशात. सर्वेक्षणवाले आले तर ती कामकरी बाई म्हणून मोजली जाईल. (वहिनी, हे वाचलंस तर रागावू नको. रागवायचंच तर दादावर रागाव.)

बाहेरचं उदाहरण म्हणून लोक चीन सांगतात. मी बांगलादेश सांगते, कारण चीन म्हटलं की आपण "त्यांचं वेगळं आहे" म्हणून सुटतो. १९७८मध्ये एका बांगलादेशी कंपनीने कोरियन कंपनीशी करार करून सव्वाशेच्या वर माणसं शिवणकाम शिकायला कोरियाला पाठवली. तिथून तो तयार कपड्यांचा धंदा वाढला आणि त्यात लाखो खेड्यातल्या मुली शिरल्या. स्वर्ग नव्हता. २४ एप्रिल २०१३ला राणा प्लाझा कोसळली आणि अकराशेच्या वर माणसं गेली. भिंतीला तडे आदल्या दिवशी दिसले होते, तरी कामावर बोलावलं होतं. हे विसरून कौतुक करणाऱ्यांचा मला राग येतो. पण हेही खरं की त्या मुलींच्या हातात पगार आला, लग्नं पुढे गेली, मुलं कमी झाली. २०२५च्या मानव विकास अहवालात भारत आणि बांगलादेश एकाच पायरीवर आहेत, दोघेही १३०व्या क्रमांकावर. दरडोई उत्पन्न आपलं थोडं जास्त, सरासरी आयुष्य त्यांचं जास्त. ब्रिटनला मागे टाकल्याचं मिरवणाऱ्या अर्थव्यवस्थेने यावर एक मिनिट तरी गप्प बसावं.

दुसरा एक आकडा मला व्हॉट्सॲपच्या स्टेटसला ठेवावासा वाटतो. २०१९च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला २९९ मिनिटं करतात, पुरुष ९७. आणि हे ९७ करणारे पुरुष म्हणजे सगळे नव्हेत, जे घरात काहीतरी करतात तेच फक्त, चारातला एक. आमच्या घरचा तो एक कोण, यावर अजून एकमत झालेलं नाही.

आणि जमिनीचं राहिलंच. २००५मध्ये कायदा बदलला, मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच हक्क मिळाला. महाराष्ट्राने तर १९९४लाच तशी दुरुस्ती केली होती. कागदावर आमचं राज्य पुढे. मग माझ्या तिन्ही आत्या कुठे गेल्या? हक्कसोडवर सह्या करायला. साडेबारा टक्क्यांचा प्लॉट बिल्डरला द्यायच्या आधी त्यांना बोलावलं, जेवण घातलं, प्रत्येकीला एक साडी आणि पाकीट. धाकटी आत्या सही करताना म्हणाली, "माहेर तुटायला नको गो." तिथे टोपल्या वाहिलेल्या माझ्या आजीच्या त्या मुली. मी तेव्हा एकवीस वर्षांची होते आणि साक्षीदार म्हणून मला बोलावलं नाही, बरं झालं. मी साड्या निवडायला मात्र गेले होते. हे मला अजून टोचतं.

प्लॉटचे पैसे आले ते बंगल्यात, गाडीत, हळदीच्या डीजेत आणि दादाच्या दुकानात गेले. मुलींच्या शिक्षणात गेले नाहीत असं म्हणणार नाही, माझी फी त्यातलीच होती. पण जेवढे हळदीत गेले तेवढे नाही.

तर भाची. फॉर्म तिने भरला. मुलाखत झाली, निवड झाली, आणि मग पप्पांना सांगावंच लागलं. रविवारी मला बोलावणं आलं. दादा ओटीवर बसलेला, भाची आत. दादा म्हणाला, "ड्युटी बघितलीस का? रात्री दोनला निघायचं. पोरीनं? लोक काय बोलतील?"

मी त्याला गोल्डिन बाई सांगितल्या नाहीत, बांगलादेशही नाही. म्हटलं, "आजी तीनला निघायची. कंदील घेऊन, चालत."

तो बराच वेळ काही बोलला नाही. आतून वहिनी चहा घेऊन आली, अवेळी. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. चहाचं त्यालाही आठवत असणार, तोही त्याच घरात वाढलाय. वहिनी कप ठेवून उभीच राहिली.

मग दादाने विचारलं, "गाडी सोडते का कंपनी? घरापर्यंत?"