दोन टबांची नव्हे

मराठी घरात सेमी-ऑटोमॅटिक म्हटलं की दोन टबांचं वॉशिंग मशीन डोळ्यांपुढे येतं. धुतं ते, पण कपडे एका टबातून दुसऱ्यात आपणच टाकायचे. सेमी-ऑटोमॅटिक रायफलीचं उलटं असतं. घोडा आपण दाबायचा, रिकामी पुंगळी बाहेर फेकणं आणि पुढची गोळी आत ढकलणं हे तिचं ती बघते. एकदा दाबलं की एकच गोळी. एवढं सांगून झालं की टेक्सासमधला नवखा मराठी माणूस पहिला प्रश्न विचारतो, "पण मोठी कुठली घेऊ?"

माझं उत्तर ठरलेलं: पॉइंट टू टू, म्हणजे .२२ मापाच्या छोट्या गोळीची. हे ऐकून समोरच्याचा चेहरा लग्नाच्या पंगतीत मुगाची खिचडी वाढल्यासारखा होतो. त्याच्या मनात लष्करी थाटाची एआर-१५ असते. (एआर म्हणजे आर्मालाइट, ती रायफल पहिल्यांदा काढणारी कंपनी. 'असॉल्ट रायफल' नव्हे. ही दुरुस्ती दर पार्टीत एकदा करावीच लागते.) मग मी हिशेब मांडतो. एका दुपारी दोनशे गोळ्या सहज उडतात. पॉइंट टू टूच्या दोनशे गोळ्या पंधरा-वीस डॉलरांत येतात, एआरच्या दोनशेंना ऐंशी-शंभर लागतात. शिवाय एआरच्या नळीवर गोळीचं कुठलं माप कोरलंय ते वाचायला हवं. '५.५६' असेल तर .२२३ ची गोळीही चालते. नुसतं '.२२३' असेल तर ५.५६ घालू नये, दाब जास्त होऊ शकतो. गोळ्या दिसायला जुळ्या बहिणी, स्वभाव वेगळे.

आणि खिचडीला नाक मुरडू नये. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल नेमबाजीत ब्राँझ मिळवलं ते याच पॉइंट टू टू लाँग रायफल गोळीवर. त्याच्या रायफलीत मात्र प्रत्येक गोळी हातानं भरायची. म्हणजे पूर्ण धोबीघाट.

तर घ्यायची रूगरची १०/२२. १९६४ पासून बनतेय, दहा गोळ्यांचं गोल फिरणारं मॅगझिन (गोळ्या भरायची डबी), वजन अडीच किलोच्या आतबाहेर, आणि सुटे भाग सायकलच्या दुकानासारखे कुठेही मिळतात. पण घेण्याआधी दोन गोष्टी तपासा. एक, डोळा. दोन्ही हातांच्या पंज्यांत छोटं भोक ठेवून लांबचा दिवा बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला दिवा दिसत राहतो तो तुमचा मुख्य डोळा. उजव्या हाताचा माणूस डाव्या डोळ्याचा निघणं मुळीच दुर्मिळ नाही, आणि तसं असून दोन्ही डोळे उघडे ठेवलेत तर गोळी शेजाऱ्याच्या कागदावर जाऊ शकते. दोन, दस्ता. तो कोपराच्या खोबणीत टेकवून बोट घोड्यापर्यंत नीट पोचतंय का ते पाहा. डावखुऱ्यांनी बंद गळ्याचा शर्ट घालावा. पुंगळी उजवीकडे, म्हणजे त्यांच्या नाकासमोरून उडते. ती गरम असते आणि कॉलर तिला आवडते.

आता फॉर्म ४४७३, म्हणजे दुकानातून बंदूक घेताना भरायचा सरकारी फॉर्म. पत्ता ड्रायव्हिंग लायसन्सवरचा आणि राहता एकच हवा, मधलं नाव पूर्ण हवं. तिथे वडिलांचं नाव लिहायचं की नाही हा आपला सनातन प्रश्न; लायसन्सवर आहे तेच लिहा. एच-१बी वाल्यांना एरवी बंदूक बाळगायचीच मनाई आहे. मात्र शिकारीचा चालू परवाना असेल तर कायद्यानं सूट आहे, म्हणून जन्मात अंडंही न फोडलेले सॉफ्टवेअर इंजिनिअर शिकारीचा परवाना खिशात घेऊन फिरतात. सगळ्यात धोक्याचा प्रश्न: ही बंदूक तुम्ही स्वतःसाठीच घेताय ना? भाच्यासाठी आयफोन आणतो तसं 'पैसे मित्र देणार, नावावर माझ्या' हे इथे चालत नाही. तो गंभीर गुन्हा आहे.

रायफल साडेतीनशे डॉलरच्या आसपास. पण ती म्हणजे सत्यनारायणाची सुपारी. (पूजेची. दुसरी नव्हे.) खरी यादी तिच्याभोवतीची: कानाचे मफ, चष्मा, कुलूपबंद कपाट, साफसफाईचं सामान. यात कपाट आधी घ्या, रायफल नंतर. पोरांना साखरेचा डबा सापडतो, मग हे सापडणार नाही असं समजू नका.

गोळ्या मात्र एकदम पाचशेची वीट घेऊ नका. चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या पन्नास-पन्नास घ्या. हिच्यात बोल्ट (नळीमागचा पुढे-मागे सरकणारा लोखंडी ठोकळा) मागे ढकलायला फक्त गोळीचा धक्का असतो, अडवायला बोल्टचं वजन आणि एक स्प्रिंग. हळू जाणारी सबसॉनिक गोळी कमी पडते, पुंगळी अर्धवट अडकून धुराड्यासारखी उभी राहते. चाळीस ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) हाय व्हेलॉसिटी, म्हणजे वेगवान गोळी बहुधा बिनतक्रार चालते. रायफलीवर दुर्बीण लावलीत तर नेम सरकवायची चकती असते, तिच्या डबीवर 'एक क्लिक म्हणजे पाव इंच' लिहिलेलं असतं, ते शंभर यार्डांवर. पंचवीस यार्डांवर एक इंच सरकायला सोळा क्लिक लागतात. लोक चार फिरवतात आणि रायफलीला शिव्या घालतात.

हिचा एक खोडसाळपणा: शेवटची गोळी सुटली तरी बोल्ट उघडा राहत नाही. त्यामुळे नुसता 'टक्' आवाज आला की मॅगझिन संपलं की गोळी फुसकी निघाली ते कळत नाही. मोजत जा. आठव्यालाच 'टक्' आलं तर नळी निशाण्याकडेच ठेवून तीस सेकंद थांबा. वात विझलेल्या फटाक्यावर वाकायचं नसतं, हे दिवाळीतच शिकलेलो असतो. रेंजवाला ओरडतो, "बोल्ट उघडा ठेवा!" त्यासाठी डाव्या हातात रायफल, उजव्या हातानं हँडल मागे, आणि घोड्याच्या कड्यापुढची ती पत्र्याची टिकली दाबायला तिसरा हात. देवीला हात जास्त का असतात ते तिथे समजतं.

घरी येऊन आधी हात धुवा, थंड पाण्यानं, कारण शिसं लागलेलं असतं. मग सफाई. या रायफलीला मागून गज घालायला वाट नाही, म्हणून दोरी वापरायची. रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करा, बोल्ट उघडा ठेवा, दोरीचं पितळी वजन पुंगळीच्या खिडकीतून नळीत सोडा, पुढच्या तोंडातून बाहेर येऊ द्या आणि एका दमात सरळ ओढा. पायजम्यात नाडी घालण्यासारखंच. फरक एवढाच की मध्येच थांबलात तर सेफ्टी पिन उपयोगी पडत नाही.